सुटा दगड

"गाणं थांबलं की दोर ओढायचा. बाकी काही बघत बसू नको," असं बजावून मेघीबाईंनी दोराचं टोक माझ्या हातात दिलं आणि त्या घमेली रिकामी करायला गेल्या.

अठरा हात खाली कानजीभाई गात होते. आवाज खड्ड्याच्या भिंतींना घासत वर यायचा, येता येता त्यातले शब्द झडून जायचे आणि नुसता सूर काठावर पोचायचा. विहीर खणणाऱ्यानं खाली गात राहायचं, वरच्यानं ऐकत राहायचं, ही त्या गावची रीत. माती सरकली, श्वास कोंडला, साप निघाला, काही झालं तरी सगळ्यात आधी गाणं थांबतं. म्हणून खणणाऱ्याच्या कमरेचा दोर ज्याच्या हातात, त्यानं कोणाशी बोलायचं नाही.

गाणं थांबलं. मी दोर ओढला.

"अगं ए बेन! फाशी देतेस काय?" खालून आवाज आला. "जिता आहे मी. दगडाचा रंग बदललाय. घमेलं पाठवतो, बघ."

काठावरच्या बायका खळखळून हसल्या. मेघीबाई हात पुसत धावत आल्या. बारा दिवस सगळे याच घमेल्याची वाट बघत होते. वरचा मुरूम संपला की खाली पिवळा दगड लागेल, असं मीच सांगितलं होतं. खरबरीत दगड, बोटांत चुरला तर सोनेरी कण हाताला चिकटतात असा. त्याच्या पोटात गोडं पाणी.

घमेलं वर आलं. त्यात हिरवा दगड होता.

दगड तरी कसला, हिरवट करड्या पापुद्र्यांचा चिखलदगड. ओल्या साबणासारखा बुळबुळीत. त्यात चिरोडीचे, म्हणजे जिप्समचे, तुकडे चमकत होते आणि बोटाएवढी, टोकदार, बंदुकीच्या गोळ्यांसारखी दगडी कांडी होती. पंधरा-सोळा कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. त्यात माकुलासारखे प्राणी पोहायचे, त्यांच्या आतली ही हाडं. मी ती तळहातावर घेतली आणि माझे कान गरम झाले. जिन्याच्या पायऱ्या अंधारातही पायाला ठाऊक असतात, तसे त्या प्रदेशातले थर मला पाठ होते. हिरवा थर पिवळ्याच्या खाली असतो. मुरुमाखाली थेट हिरवाच लागला, याचा अर्थ पिवळा इथे नव्हताच. आणि हिरव्याच्या खाली हिरवाच, शंभर हात.

"आला का तुझा सोन्याचा दगड?" मेघीबाईंनी विचारलं.

"बघते," मी म्हटलं, आणि एक तुकडा रुमालात बांधला.

खाली गाणं पुन्हा सुरू झालं होतं.

*

कच्छच्या किनाऱ्यापासून दोन कोसांवरचं ते गाव. नाव मी मुद्दाम सांगत नाही. पंचेचाळीस वर्षं झाली, तरी त्या नावापुढे माझं नाव लागावं असं वाटत नाही. वर्तक सरांच्या हाताखाली मी तिथल्या खडकांचा नकाशा करत होते. दुसरा हिवाळा होता. तोडकं हिंदी, तोडकं गुजराती आणि गावची कच्छी यांची खिचडी करून आम्ही बोलायचो. इथे ते सगळं मराठीत सांगते आहे.

माझं नाव द्वारका धोत्रे. पहिल्याच दिवशी गावचे म्होरके वालाबापा म्हणाले होते, "द्वारका तर खाडीच्या पलीकडे आहे. इकडे कशी काय वाहत आली?" तेव्हापासून ते मला 'पलीकडची' म्हणायचे. मी राहायचे मेघीबाईंकडे. त्या विधवा. कानजीभाई त्यांचे धाकटे दीर. गावातल्या सगळ्या विहिरी त्यांनी आणि त्यांच्या वडिलांनी खणलेल्या. आणि सगळ्या एकेक करून खाऱ्या झालेल्या. उरलं होतं एक तळं, तेही माघात तळाला जायचं. होळीपर्यंत पाणी लागलं नाही तर गाव उठणार, असं ठरलं होतं. उठणार म्हणजे तीस घरं तीस दिशांना.

एकदा मी घरामागच्या ओट्यावर नकाशा रंगवत बसले होते. मेघीबाई भांडी घासत होत्या. राखेनं. पाणी फक्त शेवटी, चुळभर. त्यांनी नकाशाकडे बघितलं.

"यात पाणी कुठल्या रंगाचं?"

"पाणी नाही यात. दगड आहेत."

"पण दगडात पाणी असतं."

मी हसून पिवळ्या पट्ट्यावर बोट ठेवलं. "असलं तर यात."

त्यांनी हात लुगड्याला पुसला, ओलं बोट त्याच पट्ट्यावर ठेवलं आणि विचारलं, "हा आपल्या घरापासून किती पावलं?"

मी हे सरांना सांगितलं, तेव्हा ते पुण्याला परीक्षेच्या कामासाठी निघायच्या तयारीत होते. बॅगेचा पट्टा बांधता बांधता थांबले. "धोत्रे, त्या भानगडीत पडू नकोस. नकाशा चुकला तर खोडरबर आहे. विहिरीला खोडरबर नाही."

"पण सर, थर तर स्पष्ट आहे. पूर्वेकडे कलतोय. मी मोजलाय."

"कुठे मोजलास?"

"टेकडीच्या उतारावर. मोठा उघडा खडक आहे तिथे."

"जागेवरचाच आहे ना तो? सुटा नाही ना?" सर नेहमी म्हणायचे, दगडाचं काही ऐकण्याआधी त्याला विचारावं, बाबा रे, तू इथलाच का? वरून घरंगळून आलेला दगड आपली खूण, आपला कल सगळं बरोबर घेऊन येतो. साक्ष देतो, पण दुसऱ्याच गावची.

"एवढ्या खोलीएवढा दगड कुठून घरंगळणार, सर?"

त्यांनी माझ्या वहीतले आकडे बघितले. "सुरेख मोजलंयस," म्हणाले. जीप बाहेर हॉर्न वाजवत होती.

ते 'सुरेख' मी पुढे कितीतरी दिवस चघळलं. आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिली. माझे वडील पाथरवट, फलटणच्या बाजूचे. 'जाती टाकवायचीत का, जाती!' ओरडत, झिजलेल्या जात्यांना टाकीनं टाके घालत गावोगाव फिरायचे. गिरण्या आल्या, जाती गेली, तसे पायऱ्या आणि उंबरे घडवायला लागले. आई जात्यावर बसली की माझ्या तोंडी घालून ओव्या जुळवायची, वडिलांवरच्याच:

*बाप माझा पाथरवट, सोडी दगडाची गाठ*
*डोंगराच्या पोटातून, दावी पाण्याची गं वाट*

मी पुण्याहून पहिल्यांदा निघाले तेव्हा वडिलांनी आपला लहान हातोडा दिला. बोरीचा दांडा, त्यावर त्यांच्या अंगठ्याचा खळगा. म्हणाले, "दगूड आदी कानानं बघावा, मग डोळ्यानं." तो मी ट्रंकेच्या तळाशी घालून ठेवला. आमच्या विभागात परदेशी पोलादाचे हातोडे होते, चामड्याच्या म्यानातले. थरांचा कल मोजायचा कंपास होता. पाथरवटाचा हातोडा बाहेर काढला असता तर बरोबरच्या मुलांनी काय म्हटलं असतं, ते मला न विचारताच ऐकू येत होतं.

सर गेले. मी मेघीबाईंना जागा दाखवली. घरापासून पूर्वेला दोनशे दहा पावलं. त्यांनी तिथे एक चक्राचा दगड ठेवला, शाळिग्रामासारखा वळ्यावळ्यांचा, आणि शेंदूर लावला.

दर वर्षी दिवाळीनंतर पुरुष गुरं घेऊन लांबच्या कुरणांत जायचे. त्या वर्षी वालाबापांनी सगळ्यांना थांबवलं. "पलीकडची सांगते, पाणी आहे. पहिले हात हवेत, मग गवत." गुरांच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या, तरी कोणी हललं नाही. बारा दिवस.

*

त्या संध्याकाळी आम्ही चुलीपाशी जेवायला बसलो. बाजरीचा रोटला, लसणाची चटणी, ताक. मेघीबाईंनी माझ्या रोटल्यावर लोण्याचा गोळा ठेवला. गुरं आटली होती, लोणी घरात कुठून आलं, कोण जाणे.

"खा. उद्या पाणी लागलं की गोड खाऊ," त्या म्हणाल्या.

"भाभी, गोड पाण्यात गोड कशाला घालायचं? दोन्ही फुकट जाईल," कानजीभाई म्हणाले. त्यांच्या भुवयांत अजून हिरवी धूळ होती. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बेन, तू म्हणालीस, इथे पूर्वी दरिया होता."

"होता."

"तरीच. म्हाताऱ्याच्या अंगात तरुणपणीचा खार राहतोच." हसले. मग हसू तसंच ठेवून विचारलं, "पण तो हिरवा दगड. तो ठीक आहे ना?"

चुलीत काटकी तडकली. मेघीबाईंचा हात पिठात थांबला.

मी होकारार्थी मान हलवली.

"म्हणजे खणू?"

"थोडं... थोडं खाली बघू," मी म्हटलं.

"बस," ते म्हणाले आणि ताक प्यायले.

*

सकाळी मी हातोडा घेऊन उताराकडे निघाले. परदेशी नाही, वडिलांचा. ट्रंकेतून तो का काढला, ते मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. जाताना मेघीबाईंना म्हटलं, "तासाभरात येते. मी येईपर्यंत कानजीभाईंना उतरवू नका."

एवढं बोलल्याचं मी पुढे कितीदा तरी स्वतःला ऐकवलं आहे. पण बोलले मी दारात, चप्पल घालता घालता, वाऱ्यात. आणि त्या गोठ्यात होत्या. त्यांनी ऐकलं का, हे मी थांबून बघितलं नाही.

खडक तिथेच होता, खोलीएवढा, पिवळा, उन्हात सोन्यासारखा. त्यातले थर वहीच्या पानांसारखे सुबक, पूर्वेकडे कललेले. मी कंपास काढला नाही. दांडा धरला, खळग्यात अंगठा बसवला आणि ठोका घातला.

लहानपणी वडील मला खाणीत न्यायचे. पायाखालच्या खडकावर ठोका घालायचे आणि म्हणायचे, "ऐक, ह्यो आवाज गिळतो. धरतीत रुतलाय." मग बाजूला पडलेल्या धोंड्यावर. "आन् ह्यो घुमतो. मोकळा हाय. कितीबी मोठा असू दे."

खडक घुमला.

मी चारी बाजूंनी ठोकलं. सगळीकडून तो घुमत होता, रिकाम्या घरासारखा. मग गुडघ्यांवर बसून त्याच्या पायथ्याची वाळू हातांनी उकरली. कोपरभर खाली दगड संपला आणि मुरूम लागला. पुष्कळ पूर्वी, माणसं नव्हती तेव्हा, तो टेकडीच्या माथ्यावरून सरकून, अर्धा वळून तिथे येऊन बसला होता. त्याचा पूर्वेचा कल माथ्यावर कधीच नव्हता. माथ्यावरचे थर, आता मला ते दिसत होते कारण आता मी बघत होते, समुद्राकडे झुकले होते. दक्षिणेला. मी तीस घरांना चुकीच्या दिशेला खणायला लावलं होतं.

मी उठले. वारा गावाकडून येत होता. त्या वाऱ्यावर रोज एवढ्या लांबही कानजीभाईंचा सूर यायचा, तुटक, पिसासारखा. तो आत्ताही येत होता. म्हणजे ते उतरले होते.

मी धावले. उतारावरून धावताना सूर कधी यायचा, कधी श्वासाच्या आवाजात बुडायचा. काटेरी बाभळीत ओढणी अडकली ती तिथेच सोडली. कोरडा ओढा ओलांडला आणि थांबले, ऐकायला.

वारा होता. गुरांच्या घंटा होत्या. गाणं नव्हतं.

मग मेघीबाईंची किंकाळी आली.

*

हिरव्या दगडाला हवा लागली की तो एका रात्रीत पापुद्र्या-पापुद्र्यांनी सुटतो. पुस्तकात आहे. परीक्षेत मी ते लिहिलंही होतं. भिंतीची एक फाक सुटून कानजीभाईंच्या डाव्या पायावर बसली. मेघीबाईंनी आणि आठ बायकांनी दोर ओढला. पुरुष गुरांना घेऊन तळ्यावर गेले होते. दोर ओढणाऱ्यांचे तळवे सोलले होते. कानजीभाई शुद्धीवर होते. वर आल्यावर त्यांनी सगळ्यांचे चेहरे बघितले, मग माझा, आणि डोळे मिटले.

तालुक्याच्या दवाखान्यात पाच दिवस. हाड दोन जागी मोडलं होतं. पाय राहिला, पण वाकडा. गुरांमागे चालणं संपलं, खाली उतरणं संपलं, असं डॉक्टर म्हणाले.

त्यांना बैलगाडीतून परत आणलं, तेव्हा सगळं गाव मेघीबाईंच्या अंगणात जमलं. बाजेवर कानजीभाई, उशाशी वालाबापा. मी खांबाशी उभी होते. कोणी मला काही म्हटलं नव्हतं. मेघीबाई रोज मला रोटला वाढत होत्या. लोणी नसायचं, एवढंच.

"खणताना असं होतं," वालाबापा म्हणत होते. "जमीन आहे, तिचं मन. पलीकडचीचा काय दोष? चला, नवीन माणूस उतरवू. किती खाली राहिलं गं?"

मला बाहेर पडायला वाट होती. स्वतः वालाबापांनी ती मोकळी करून दिली होती.

"तिथे पाणी नाही," मी म्हटलं.

"आता नाही?"

"कधीच नव्हतं. मी सुट्या दगडावरून मोजलं. माझी चूक झाली." आवाज माझा मलाच लांबून येत होता. "आणि ती मला आदल्या दिवशी दुपारीच कळली होती. हिरवा दगड बघितला तेव्हा. खात्री नव्हती, पण कळलं होतं. संध्याकाळी जेवताना कानजीभाईंनी विचारलं, तेव्हा मी सांगितलं नाही."



"का?" मेघीबाईंनी विचारलं. एकच शब्द.

मी काय सांगणार होते? की मला 'सुरेख' म्हटलं होतं? की रोटल्यावर लोणी होतं?

"लाज वाटली," मी म्हटलं.

वालाबापा काठी टेकून उठले. माझ्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांचे डोळे मोतीबिंदूनं दुधी झाले होते.

"सोळा कोटी वर्षांपूर्वीचा दरिया दिसतो तुला," ते म्हणाले. "आणि समोर जेवायला बसलेला माणूस दिसला नाही?"

दुसऱ्या दिवशी पहाटे पुरुष गुरं घेऊन निघून गेले. होळीला परत येऊ, मग गावाचं काय ते ठरवू, म्हणाले. ठरवायचं काय, ते सगळ्यांना माहीत होतं.

मी ट्रंक भरली. बस दुपारची होती. निरोप घ्यायला बाजेपाशी गेले, तर कानजीभाई छताकडे बघत पडले होते.

"बस," ते म्हणाले. मी जमिनीवर बसले.

"मलाही कळलं होतं," ते म्हणाले.

"काय?"

"तो दगड वाईट आहे, ते. त्याला वास येत होता, जुन्या गोणपाटासारखा. आमच्या बापानं शिकवलेलं, असा वास आला तर एक दिवस थांब, भिंत बघ, मग उतर." त्यांनी मोडक्या पायावर हात ठेवला. "म्हणून तर तुला विचारलं. तू मान हलवलीस. मी म्हटलं, ही शिकलेली आहे, हिचा बाप दगडातला आहे. माझं नाक म्हातारं झालं असेल."



"आमच्या बापाचं मी ऐकलं नाही," कानजीभाई म्हणाले. "तुझ्या बापानं तुला काय शिकवलं होतं?"

"दगड आधी कानानं बघावा."

"हं," ते म्हणाले. आणि पहिल्यांदा माझ्याकडे वळले. "दोघंही नालायक निघालो."

मेघीबाई दारात उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे. माझी ट्रंक त्यांनी पायानं बाजूला सारली.

"जागा दाखव," त्या म्हणाल्या.

"बाई, माझ्या सांगण्यावर आता कोण..."

"तुझ्या सांगण्यावर कोणी खणणार नाही. पुरुष गेले, यांचा पाय गेला. खणायला कोण आहे इथे? खाली तू उतरायचं. माती आम्ही ओढू."

*

चार दिवस मी टेकडी आणि ओढा पायाखाली घातला आणि दिसेल त्या दगडावर ठोका घातला. घुमला की सोडून दिला. आवाज गिळणारे तीनच सापडले, आणि तिघांचीही साक्ष एक होती. थर समुद्राकडे उतरत होते. दक्षिणेला, गोठ्याच्या पलीकडे, ओढ्याच्या वळणापाशी, मी काठी रोवली. मेघीबाईंनी पहिल्या खड्ड्यावरचं ते चक्र उचलून आणलं नाही. दुसरं काही मांडलंही नाही.

पाणी लागलं का, असं हे ऐकणारे सगळे विचारतात. लागलं, तेविसाव्या दिवशी. अगदी गोडं नाही. मचूळ. पण मागे राहिलेली गुरं प्यायली आणि त्यात डाळ शिजली. डाळ शिजली म्हणून मेघीबाई रडल्या, विहिरीवर रडल्या नव्हत्या. होळीच्या आधी वालाबापा आले, ओंजळभर प्यायले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "गोड नाही." मग आणखी एक ओंजळ प्यायले. गाव उठलं नाही. कानजीभाईंचा पाय वाकडा तो वाकडाच राहिला. सर परत आले, सगळं ऐकलं, मला रागावले नाहीत. नुसतं खोडरबर माझ्यापुढे सरकवलं. आणि तो पिवळा पट्टा मी त्यांच्यासमोर खोडला. कागद तिथे अजून जरा खरबरीत आहे.

पण मला आठवतो तो पाणी लागल्याचा दिवस नाही. खड्डा पहिल्यांदा माझ्या डोक्याच्या वर गेला, तो.

त्या सकाळी कानजीभाईंनी बाज उचलून काठावर आणायला लावली. मेघीबाईंच्या हातातला दोर मागून घेतला, स्वतःच्या मनगटाला गुंडाळला आणि कुशीवर वळून कान खड्ड्याकडे केला. मी उतरले. खाली गारवा होता, आणि आभाळ घमेल्याएवढं. कुदळ घातली. एकदा, दोनदा. दोराला हिसका बसला.

"काय झालं?" मी वर ओरडले.

"गाणं कुठे आहे?"

"मला गाता येत नाही, कानजीभाई."

"तुझा आवाज चांगला आहे की वाईट, ते आम्हाला बघायचंच नाही. तू जिवंत आहेस का, ते बघायचंय. गा."

मला आईचं जात्यावरचं गाणं आठवलं. जात्याशिवाय, दळणाशिवाय, विहिरीच्या तळाशी मी ते म्हणायला लागले. पहिल्यांदा घसा फाटला. मग कुदळीचा ठोका आणि ओवीचा ठोका एकमेकांना सापडले:

*दगूड बोलतो खरं, मानूस ठेवी झाकून*
*जात्या तुझ्यापाशी बाई, मन सांगते वाकून*

वर बायकांना शब्द कळत नव्हते. पण दुसऱ्या ओळीपासून त्यांनी चाल उचलली. माझा सूर वर जात होता आणि त्यांचा खाली येत होता, आणि मध्ये कुठेतरी मातीची घमेली एकमेकींना ओलांडत होती.

कुदळ कशावर तरी खरकन वाजली. मी वाकले. मुठीत घेतलं, चुरलं. तळहातावर कण चमकले.

माझे ओठ मिटले. नकळत. आधी नीट बघावं, खात्री करावी, मग सांगावं, असं वाटलं. एक क्षण. फार तर दोन.

दोर कमरेत रुतला. मी जवळजवळ उचललीच गेले. वर कानजीभाईंचं डोकं आभाळाच्या घमेल्यात आलं होतं. वाकड्या पायानं ते बाजेवरून काठापर्यंत सरकत आले होते.

"का थांबलीस?"

"पिवळं काही तरी लागलंय. पण..."

"पण काय?"

"सुटा दगडही असेल. मला माहीत नाही अजून. वाजवून बघते."

"मग वाजव," ते म्हणाले. दोर तसाच ताणलेला होता. "वाजव, आणि सांगत राहा. हो असेल तर हो, नाही तर नाही. पण गप्प बसू नको, बेन."

मी कमरेचा हातोडा काढला, खळग्यात अंगठा बसवला, आणि गातच पहिला ठोका घातला.